‘रिव्होल्युशनाइज’ लिहायच्या आधी

काय रे, मेल मिळाली, आणि रिपोर्टचं पहिलं पान पण वाचलं. काम चांगलं झालंय. मातीत सेन्सर, त्यावरनं मोटर चालू-बंद, रात्री थ्री फेज आली की बाबांना टॉर्च घेऊन उसात पळायला नको, हे सगळं आवडलं मला. पण पहिल्याच ओळीत ‘अवर सिस्टीम विल कम्प्लीटली रिव्होल्युशनाइज इन इंडियन अ‍ॅग्रिकल्चर’, हे काय लिहूलालास बाबा? एका ओळीत तीन ठिकाणी अडकलास.

आधी ते ‘इन’ काढ. हे ‘इन’ कुठनं येतं माहितीय का, आपण मराठीत ‘शेतीत क्रांती केली’ म्हणतो ना, त्या ‘शेतीत’ मधला ‘त’ आहे तो, इंग्लिशमध्ये जाऊन बसतो. हे क्रियापद थेट कर्म घेतं, रिव्होल्युशनाइज्ड अ‍ॅग्रिकल्चर, मध्ये काही नाही. ‘इन’ पाहिजेच असेल तर नाम घे, अ रिव्होल्युशन इन अ‍ॅग्रिकल्चर, ते चालतं. आपल्याकडची निम्मी पोरं दोन्हींची खिचडी करतात आणि व्हायवाला बाहेरचा एक्झामिनर नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचतो.

‘कम्प्लीटली’ पण नको. पूर्ण उलथापालथ हा अर्थ त्या शब्दातच आहे, वरनं अजून पूर्ण कशाला. बोलताना जोर ‘ल्यू’ वर दे. स्पेलिंगला शेवटी एस का झेड म्हणून विचारलंयस, तर दोन्ही बरोबर. अमेरिकन लोक झेड लावतात, ऑक्सफर्डवाले पण झेडच, बाकी ब्रिटिश लिखाणात जास्त करून एस दिसतो. तू कलर यू घालून लिहितोस तर एस ठेव, फक्त पान 3 वर एस आणि पान 9 वर झेड असं करू नको.

आता खरी गोष्ट. हा शब्द जड आहे रे. मूळ लॅटिन, अर्थ फिरणं, गोल फिरून येणं. 1543 साली कोपर्निकसनं ग्रहांच्या फिरण्यावर पुस्तक लिहिलं त्याच्या नावात ‘रिव्होल्युशन’ आहे ते त्याच अर्थानं (आपल्यात पण सूर्याच्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात, बघ गंमत). राजकारणात तो शब्द नंतर रुळला, आणि हे क्रियापद तर 1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दहाएक वर्षांत वापरात आलं. म्हणजे राजा गेला, जुना कारभार गेला, एवढ्या मोठ्या घटनेच्या मागनं आलेला शब्द आहे, आणि आपण तो मोबाईल अ‍ॅपला लावतो.

मग लावायचा कुठं? आपल्या गावातलंच घे. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला, 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केला. सुरुवातीला तो कोण घेईना, लोखंडानं जमिनीला विष लागतं म्हणायचे लोक. पण हरळी आणि कुंदा (गवत रे, आपला खायचा बेळगावी कुंदा नव्हे) मुळासकट उपटायचं तर लाकडी नांगराच्या आवाक्यातलं काम नव्हतं ते, लोखंडीचा फाळ खोल जायचा. 1910 ला ते औंध संस्थानात किर्लोस्करवाडीला गेले, नांगर गावोगाव पोचला आणि लोकांची नांगरायची पद्धतच बदलली. इथं लिही खुशाल, द आयर्न प्लाऊ रिव्होल्युशनाइज्ड टिलेज. बघ, भूतकाळ आहे, आणि म्हणणारा तिसराच कोणतरी आहे. किर्लोस्करांनी स्वतः पहिल्या नांगरावर ‘मी क्रांती करणार’ लिहिलं असतं तर गिऱ्हाईक हसलं असतं.

तुझ्या ‘विल’ चा घोळ तिथंच आहे. अजून एका शेतात एक सीझन पण झाला नाही, आणि तो स्वस्तातला दोन काट्यांचा सेन्सर ओल्या मातीत काही आठवड्यात गंजतो हे तुला पण माहितीय. त्याऐवजी ‘रिड्यूसेस’ लिही, ‘ऑटोमेट्स’ लिही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कास्टिंगवाल्यांकडं इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा पण हेच, समजा तू रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, 8 टक्क्यांवरनं 5 वर आणलंस तर ‘रिड्यूस्ड’ म्हण आणि आकडा सांग, समोरचा खुर्चीत सरळ बसेल. ‘रिव्होल्युशनाइज्ड द प्रोसेस’ म्हटलास तर तो घड्याळ बघेल, ते लोक दिवसभर साच्याची वाळू आणि ब्लोहोल (ओतीव लोखंडातली हवेची भोकं) बघतात, त्यांना भाषण नको असतं. ‘ट्रान्सफॉर्म’ पण जपून, तो जरा हलका आहे पण हल्ली सगळेच वापरतात म्हणून गुळगुळीत झालाय.

म्हणून एक कर. बाबांना विचार, सेन्सर लावायच्या आधी एका पाळीला मोटर किती तास चालायची आणि आता किती चालते. अंदाजे नको, मीटरचं रीडिंग घे, आधीचं नसेल तर शेजारच्या बिनसेन्सरच्या तुकड्याचं घे. तो आकडा पहिल्या ओळीत टाक आणि रविवारच्या आत परत पाठव, सोमवारी मी हुबळीला जाणार आहे, मग दोन दिवस बघायला जमणार नाही. आईला नमस्कार सांग.

तुझा काका