फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये एकच संध्याकाळ हाताशी आहे. गाइडसोबतची वाइन टेस्टिंग टूर घ्यावी की आपणच एखाद्या वाइन बारमध्ये जावं?

बोर्दोची वाइन पहिल्यांदाच पिणार असाल, तर टूरच घ्या. तिथल्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतं, शातोचं (म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याचं) आणि भागाचं असतं, त्यामुळे नुसता मेन्यू वाचून काही उमगत नाही. मेदॉक हा भाग म्हणजे इथल्या नद्यांचा डावा काठ: खडीची जमीन, कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, जीभ आवळणारी तुरट वाइन. सेंत-एमिल्यों म्हणजे उजवा काठ: चुनखडी आणि चिकणमाती, मर्लो जातीची द्राक्षं जास्त, चवीला मऊ. हे दोन ग्लास शेजारी ठेवून कोणी समजावलं की फरक पहिल्या घोटातच कळतो. बुक करताना यादीत सोतर्न आहे का तेवढं बघा. बुरशी धरलेल्या द्राक्षांची ही मधाळ वाइन निळ्या चीजसोबत खरंच अप्रतिम लागते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापरा, कुणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, चीजच्या जोडीला बहुतेकदा हॅमचे कापही येतात. मात्र शहरातल्या संध्याकाळच्या टूरमध्ये सहसा द्राक्षमळे दिसत नाहीत. ते बघायचे असतील तर दिवसा ट्रेननं सेंत-एमिल्योंला जा.