हवेच्या मशीनवर डोळ्याचं प्रेशर २४ आलं, खरं धरायचं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं प्रेशर उजव्या डोळ्यात २४ आणि डाव्यात १८ आलं, पण डोळ्याला काही न लावता काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर हेच मशीन चालवतो. माझा पहिला प्रश्न असा, की त्या डोळ्यावर हवा कितीदा मारली?

कारण पहिली फुंकर बहुतेकांना दचकवते. परवा एक आजोबा हनुवटी टेकवून बसले ते श्वास रोखून, पापण्या आवळून. पहिला आकडा २६. म्हटलं, "आजोबा, शर्टाचं वरचं बटण काढा, श्वास चालू ठेवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा." पुढचे तीन: १९, १८, १९. डोळ्यातला दाब नाडीच्या ठोक्याबरोबरही थोडा वर-खाली होतो, आणि फुंकर काही मिलिसेकंदांचीच असते, ती नेमकी कुठल्या ठोक्यावर पडेल सांगता येत नाही. म्हणून तीन आकड्यांची सरासरी घ्यायची.

मशीन थेट दाब मोजत नाही, ही यातली खरी गोम. हवेने कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच, क्षणभर सपाट होते. तिच्यावर तिरके इन्फ्रारेड किरण सोडलेले असतात. काच गोल असताना ते विखुरतात, सपाट झाली की आरशावरून यावेत तसे सरळ सेन्सरवर येतात. त्या क्षणाला किती जोर लागला, त्यावरून दाब काढायचा. ग्रोलमन यांनी १९७२ साली अमेरिकेत मांडलेली ही युक्ती आजही तीच आहे. आता काचच जाड असेल तर ती दाबायला जोर जास्त लागणार आणि आकडा फुगणार. पातळ असेल, किंवा लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन, झालं असेल, तर उलट. दाब जास्त असूनही आकडा बरा दिसतो, आणि मला भीती याचीच जास्त वाटते.

नव्या काही मशीनमध्ये कॉर्निया आत जाताना आणि परत येताना असं दोनदा मोजून ही चूक कमी करतात. पण साध्या चष्म्याच्या दुकानात ते मशीन मिळेलच असं नाही.

नॉर्मल साधारण १० ते २१ धरतात, तेव्हा २४ सोडून देण्यासारखा नाही. पण तेवढ्यावरून काचबिंदू आहे असंही कोणी म्हणणार नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जा. ते सुन्न करायचे थेंब घालून, पिवळा रंग लावून, निळ्या उजेडात गोल्डमन पद्धतीने प्रेशर पुन्हा बघतील. कॉर्नियाची जाडी मोजायला सांगा. त्याला पॅकिमेट्री म्हणतात, दुखत नाही. डोळ्यामागच्या नसेची तपासणी आणि फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं कुठपर्यंत दिसतं ती तपासणीही होऊ द्या, कारण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असणारे लोक मी पाहिलेत.

जाण्याआधी घरात कुणाला काचबिंदू होता का, हे वडिलांना विचारून ठेवा. डॉक्टर ते विचारतीलच.