लवंग घातलीच नाही, मग वास कुठून आला?

तुझा प्रश्न वाचला आणि मला माझीच पहिली बाटली आठवली. तुझी बाटली म्हणजे हिवाळ्यापुरती निघालेली बेल्जियन स्टाईल डार्क बिअर, ९ टक्के अल्कोहोलवाली, फ्रीजमधून काढून थेट ओतलीस तर लवंगेचा आणि जास्त पिकलेल्या केळ्याचा वास, शेवटचा अर्धा ग्लास गढूळ, आणि लेबलवर मसाल्याचं नावसुद्धा नाही. बिअर खराब आहे की मलाच चव कळत नाही, असं विचारलंयस. दोन्ही नाही, बहुतेक. एक शंका आहे ती पुढे सांगतो.

लवंग यीस्टने केलीय, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाने. माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, फेरुलिक ॲसिड नावाचं एक द्रव्य असतं, बेल्जियन जातीची बरीचशी यीस्ट्स त्याचं ४-व्हिनाइल ग्वायकॉल करतात आणि त्याचा वास थेट लवंगेसारखा येतो. लागर किंवा इंग्लिश एल या साध्या बिअर प्रकारांच्या यीस्टला हे जमत नाही म्हणून तिथे हा वास आला तर तो दोष धरतात, इथे तोच वास नसेल तर मला चुकल्यासारखं वाटतं. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, तोही यीस्टचाच, आणि फर्मेंटेशन (आंबवणं) जितकं गरम तितका तो साधारण वाढत जातो. त्यामुळे केळं अंगावर येत असेल तर ब्रुअरने यीस्ट जरा मोकाट सोडलं असं मी तरी समजतो, खराब नाही पण ढिसाळ.

आता ती शंका. वास नक्की लवंगेचाच होता ना? डेंटिस्टकडे येतो तसा लवंगी वास चालेल, पण जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखा, औषधी प्लास्टिकसारखा वास असेल तर मात्र गडबड आहे, तो क्लोरोफिनॉलचा, म्हणजे पाण्यातलं किंवा धुण्याच्या द्रव्यातलं क्लोरीन बिअरमध्ये शिरलेलं असतं. तो वास ग्लास तापला तरी जात नाही, उलट वाढतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी होऊन ऑक्सिडाइझ झालेली. यातलं काही नसेल तर तुझी बिअर ठणठणीत आहे आणि घोटाळा ओतण्यात आहे.

हे मी स्वतः करून बसलोय. पहिल्या वेळी अशीच गारेगार बाटली आडवी ठेवलेली काढली, उभी केली, लगेच दोन ग्लासांत ओतली. पहिल्या ग्लासला नुसता फेस, दुसऱ्यात चिखल, आणि चव म्हणाल तर अल्कोहोलचा चटका सोडून काही नाही. "एवढं नाव आणि हे?" म्हणून दोन वर्षं त्या वाटेला गेलो नाही.

या बिअर बहुधा बाटलीतच पुन्हा फर्मेंट होतात. भरताना थोडी साखर आणि जिवंत यीस्ट घालतात, मग बाटल्या काही आठवडे उबदार खोलीत ठेवतात, त्यातून तो भरगच्च गॅस येतो आणि काम झालं की यीस्ट तळाशी बसतं. तो गाळ म्हणजे घाण नव्हे. प्यायला काही हरकत नाही, फार तर पोट जरा ढिलं होईल. पण डार्क बिअरमध्ये तो मिसळला की चव पिठूळ आणि तुरट होते, म्हणून बाटली एक-दोन दिवस उभी ठेवायची, ग्लास तिरका धरून एका दमात सावकाश ओतायची आणि तळाचं बोटभर सोडून द्यायचं, मधे बाटली सरळ केलीस की गाळ उठलाच समज. (विटबिअर म्हणजे गव्हाची फिकट बेल्जियन बिअर, तिचं याच्या उलट, तिथे मुद्दाम ढवळून घेतात.) ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा असला तर उत्तम, नसला तर वाइनचा चालतो, फक्त त्याला साबण किंवा तेलाचा अंश नको, फेस तिथेच मरतो.

आणि तापमान, खरी गंमत इथेच आहे. ९-१० टक्क्यांची बिअर ४ डिग्रीला प्यायची म्हणजे नाक बंद करून जेवल्यासारखं. १० ते १२ डिग्री हवं. फ्रीजमधून काढून अर्धा तास ठेव आणि मग घाई करू नकोस.

परवाच तुझ्या वर्णनाच्या जवळ जाणारी एक बाटली उघडली, तेव्हाचं सांगतो. रंग लांबून काळा, दिव्यासमोर धरला तर चिंचेच्या कोळासारखा लालसर. हा काळेपणा भाजक्या माल्टपेक्षा डार्क कँडी सिरपचा, म्हणजे साखरेच्या गडद पाकाचा, जास्त असतो, म्हणून स्टाउट या काळ्या बिअरसारखा कॉफीचा वास येत नाही. पहिला घोट गारच होता, थोडं करपलेल्या साखरेसारखं, बाकी गप्प. पंधरा मिनिटांनी मनुका आणि खजूर, मागे लवंग. अर्ध्या तासाने बडीशेपेसारखं काहीतरी आलं जे मला आधी अजिबात सापडलं नव्हतं, आणि गिळल्यावर शेवट चक्क कोरडा. वासाने काकवीची तयारी करून ठेवावी आणि जिभेवर गोडवा टिकूच नये, ही या बिअरची खुबी. कारण सिरपमधली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं पण बिअरचं अंग हलकं राहतं. शेवटी ओठ चिकट झाले तर माझ्या लेखी ब्रुअर तिथे नापास.

सीझनल म्हणजे मसाला आलाच, असंही नाही हां. बेल्जियममध्ये हिवाळी बिअरचा एक ठरलेला साचा नाहीच. शिमे ब्रुअरीची ब्लू आज वर्षभर मिळते पण आधी ती ख्रिसमसची बिअर म्हणून आली. तूर्प गावच्या द्यूपाँ ब्रुअरीने १९७० मध्ये गिऱ्हाइकांना नववर्षाची भेट म्हणून जी बिअर केली, अवेक ले बाँ व्हू, म्हणजे 'शुभेच्छांसह', ती चक्क सोनेरी आहे, ९.५ टक्के, कोरडी आणि हॉपच्या फुलांचा कडवटपणा असलेली. दे डोले ब्रुअरीची स्टिले नाख्त १२ टक्के, तीही काळी नाही. उलट काही ब्रुअर धणे, संत्र्याची साल, दालचिनी, चक्रफूल घालतात आणि अँटवर्प प्रांतातल्या एसेनला डिसेंबरात फक्त ख्रिसमस बिअरचा मेळा भरतो, तिथे हे सगळे प्रकार शेजारी शेजारी असतात.

बेल्जियमबाहेरचे ब्रुअर 'बेल्जियन स्टाईल' लिहून जे करतात त्यात मला खटकतं ते हेच, यीस्टवर भरवसा नसतो म्हणून दालचिनी ओततात. पहिल्या घोटाला मसाल्याचं नाव सांगता आलं तर तो जास्त झालाय असं माझं मत, वाद घालायला मोकळा आहेस. घातलेला मसाला गिळल्यावरही जिभेवर वेगळा बसून राहतो, यीस्टची लवंग बुडबुड्यांबरोबर येते आणि बिअरबरोबरच जाते, मी तरी असंच ओळखतो. तुझ्या वर्णनावरून तुझी लवंग यीस्टचीच वाटते.

आणखी एक बाटली आहे म्हणालास ना, ती आजच उभी करून अंधारात ठेव, रविवारपर्यंत गाळ बसेल. तेव्हा घोटाघोटाला वेळ लिहून ठेव आणि पंधराव्या मिनिटाला काय सापडलं ते सांग.