कौतुक पोटात ठेवू नका

प्रश्न : आम्ही परदेशात आलो तेव्हा ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला अक्षरशः बोट धरून शिकवलं. ते आता निवृत्त होतायत. त्यांना काहीतरी सांगावं असं फार वाटतं, पण शब्द जुळत नाहीत. उगाच नाटकी वाटेल म्हणून रोज पुढे ढकलतो. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांचं राहू दे, घरात शेवटचं चांगलं कधी बोललास ते आठव." आता दोन्हीकडून अडकलोय.

उत्तर : तुमच्या बायकोनं अर्धं उत्तर देऊनच टाकलंय. उरलेलं अर्धं मी सांगते.

आधी ऑफिसातलं. शब्द जुळत नाहीत ही लिहिणाऱ्याची अडचण असते, वाचणाऱ्याची नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, समोरच्याला ती वाचून काय वाटेल याचा अंदाज विचारून ठेवला, आणि नंतर पत्र मिळालेल्यांनाही गाठलं. लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा वाचणारे जास्त सुखावले होते, आणि अवघडले मात्र कमी. लिहिणारे वाक्यरचनेची काळजी करत बसले होते, वाचणाऱ्यांना त्यातली आपुलकी दिसली.

तेव्हा लिहा. फक्त "तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं" हे वाक्य टाळा. निरोपाच्या कार्यक्रमात ते त्यांना सगळ्यांकडून ऐकायचंच आहे. त्याऐवजी एखादा प्रसंग घ्या. उदाहरणार्थ : "सुरुवातीला मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तोडलं गेलं की तुम्ही म्हणायचात, त्याचं पूर्ण होऊ द्या. त्यानंतर मला बोलायची भीती वाटेनाशी झाली. परवा एक नवीन मुलगी अडखळली तेव्हा मीही तेच म्हणालो." बस, एवढंच. त्यांनी काय केलं, त्यानं तुमच्यात काय बदललं आणि ते आता पुढे कुठे पोचलं, हे तिन्ही त्यात आलं. शिकवणाऱ्या माणसाला यातलं तिसरं सहसा कधीच कळत नाही. आपण दिलेला सल्ला कुणाच्या उपयोगी पडला की हवेत विरला, हे त्यांना सांगणार तरी कोण? भेटवस्तूच्या मागे लागू नका. आणि समारंभाच्या गर्दीत सांगण्यापेक्षा चार दिवस आधी मेल करा, म्हणजे त्यांना ती निवांत वाचता येईल.

आता घर. परदेशातल्या संसारात मदतीला तिसरं माणूस नसतं, त्यामुळे प्रत्येक काम दोघांपैकी कुणीतरी केलेलं असतं, आणि रोजचं झालं की ते दिसेनासं होतं. कचरा बाहेर गेला, मुलाचा फॉर्म भरला गेला, डॉक्टरांची वेळ घेतली गेली. वाक्यंही कशी कर्ता गायब असलेली सुचतात बघा! सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्याही भाच्याला आपण उठसूट "अभिनंदन" टाकतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला मान हलवून भागवतो. बायकोला "तू ग्रेट आहेस" म्हणू नका, ती हसेल आणि सोडून देईल. "काल रात्री बसून तो फॉर्म भरलास, सकाळी मला काही बघावंच लागलं नाही," असं म्हणा. आणि त्याच वाक्याला "पण" जोडून तक्रार करू नका.

कौतुक घेताही यायला हवं. "छे, त्यात काय" असं म्हणणं आपल्याला विनय वाटतं. पण समोरच्यानं मनापासून काही म्हटलं असेल तर आपण त्याचं निरीक्षणच खोडून काढत असतो. "बरं वाटलं ऐकून" एवढं पुरतं.

साध्या सुखांचं म्हणाल तर माणूस सवयीचा गुलाम. नवीन आलात तेव्हा ज्या बागेचे फोटो घरी पाठवलेत, त्याच बागेतून आता फोन कानाला लावून जात असाल. यावर अनेक जण रोज कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगतात. मी नाही सांगणार. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात 6 आठवडे ज्यांनी आठवड्यातून एकदा अशी नोंद केली त्यांचं समाधान वाढलं. आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचं वाढलं नाही. चांगल्या गोष्टीचाही गृहपाठ झाला की तिची गंमत जाते. रविवारी आईबाबांशी व्हिडिओ कॉल असेल तर त्यात "बाकी सगळं ठीक" म्हणून ठेवण्यापेक्षा आठवड्यात आवडलेली एक बारीकशी गोष्ट सांगा, मुलांनाही सांगू द्या. वेगळी डायरी लागणार नाही.

एक मात्र बजावून सांगते. "एवढं सगळं मिळालंय, मग तक्रार कसली?" हे वाक्य परदेशातल्या माणसाला इथूनही ऐकावं लागतं आणि तिथूनही. कृतज्ञ असणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. ऑफिसात अन्याय होत असेल तर तो सांगायचाच. ज्येष्ठांनी शिकवलं म्हणून त्यांचं प्रत्येक मत मान्य करायलाही तुम्ही बांधील नाही. घरी एकटं वाटत असेल तर तेही बोलायचं.

मेल पाठवल्यावर कदाचित उत्तर येणार नाही, किंवा दोन ओळींचं कोरडं येईल. काही माणसांना स्वतःविषयीचं चांगलं वाचून काय लिहावं तेच सुचत नाही. तुम्हालाही इतके दिवस सुचत नव्हतंच की. त्यामुळे पुन्हा पुन्हा इनबॉक्स उघडून बघू नका. आणि तीच मेल नाव बदलून बायकोला पाठवू नका, ती लगेच ओळखेल.