गोधडीसाठी जुनी नऊवारी लुगडी विकत घ्यावीत का, की नवं सुती कापडच बरं?

नवं घेऊ नका. नव्या कापडात खळ असते आणि ते आटायचंही बाकी असतं. पहिल्याच धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि अख्खी गोधडी चुण्या पडून आखडते. वापरलेलं लुगडं आटून, रंग सोडून मोकळं झालेलं असतं, सुईही सहज जाते.

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण यावरून आमच्या घरात रामायण झालंय. सासूबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत रोजची सुती लुगडी निघाली, काही दंड घातलेली, म्हणजे विरलेला भाग कापून तुकडे जोडून शिवलेली, आणि तळाशी ठेवणीतल्या इरकली साड्या. मी म्हटलं, गोधड्या शिवू, नातवंडांच्या अंगावर राहतील. थोरल्या वन्सं कडाडल्या, "आईच्या लुगड्यांना कात्री लावणार तू? आठवण म्हणून ठेवायची सोडून?" शेवटी वाटण्या झाल्या. इरकली त्यांनी नेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या. पुढे एका लग्नात नेसायला काढल्या, तर पदर घडीघडीवर चिरलेले. त्या साड्यांचं अंग सुती होतं, पदर रेशमी. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत दाबून ठेवलं की तिथेच तुटतं.

माझ्या वाटणीच्या लुगड्यांच्या गोधड्या आजही रोज पांघरल्या जातात. एका हिरव्या लुगड्याला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दंड घातला होता. त्यांचे ते बारीक, जरासे तिरके टाके मी मुद्दाम वरच्या थरात घेतले. पांघरूण ओढताना ती शिवण बोटाला लागते. आठवण याला म्हणतात. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या कापडाला मी आठवण मानत नाही, आणि हे मी वन्संना तोंडावर सांगितलंय.

आता विकत घेण्याचं. घराजवळ बोहारीण, म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई, येत असेल तर तिलाच सांगून ठेवा, तिच्याकडे बोचकी असतात. पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात फिरा. फोटो बघून 'व्हिंटेज' म्हणून मागवू नका, कापड हातात धरल्याशिवाय कळत नाही. उजेडासमोर धरा. लुगडं कासोट्याच्या आणि बसायच्या भागात विरतं, काठ आणि पदराकडचा भाग शाबूत असतो. दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणा, टर्र आवाज आला तर तो तुकडा फार तर आतल्या थरात जाईल. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का बघा. सुती आहे की नाही याची शंका आली तर एक धागा जाळा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. असली पॉलिस्टर साडी आत घालू नका. ती घाम शोषत नाही, आणि थर एकमेकांवरून सरकतात. फोम तर नकोच. चार-पाच थर जुनेर घाला, कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत आत या, साध्या धावदोऱ्याने. दोरा सुतीच हवा, नायलॉनचा दोरा जुनं कापड कापतो.

मशीनवर शिवलं तर चालतं का? कडा मारायला चालतं. मधलं हातानेच करा.

एक सांगायचं राहिलं. खऱ्या जरीची पैठणी हाती लागली तर तिला कात्री लावू नका. जुन्या जरीत चांदी असते, म्हणून लोक ती वजनावर मोडीत काढतात, चांदीसाठी साडी जाळली जाते, आणि अशा किती पैठण्या जळाल्या असतील याचा विचार केला तरी जीव तुटतो. ती मलमलीत गुंडाळून ठेवा, दर थोड्या महिन्यांनी घडी बदला, आणि घरात कार्य असेल तेव्हा नेसा. वन्संनी निदान घडी बदलली असती, तर इरकलींचे पदर वाचले असते.