नववीतल्या मुलीला स्वयंपाकातून गुणोत्तर आणि शेकडेवारी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पुस्तकातली गुणोत्तराची गणितं सोडवते, पण तेच गणित घरात किंवा मालवणच्या बाजारात समोर आलं की अडते, आणि स्वयंपाकातून काही शिकवता येईल का. नक्की येईल. पथ्य एकच: तव्यावर काही पडण्याआधी तिचा आकडा वहीत लिहून झाला पाहिजे. पदार्थ झाल्यावर हिशेब जुळवण्यात काही शिकणं नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि औषधाचं मापाचं झाकण एवढं जवळ असू दे.

सुरुवात आंबोळीने करा. तांदूळ तीन भाग, उडदाची डाळ एक भाग. मिळून एक किलो भिजत घालायचंय, तर डाळ किती? ३३३ ग्रॅम हे उत्तर हमखास येतं, कारण ३:१ वाचलं की एक तृतीयांश डोक्यात येतं. डाळ तांदळाच्या एक तृतीयांश आहे खरी, पण एकूणाच्या एक चतुर्थांश, म्हणजे २५० ग्रॅम. लगेच सांगून टाकू नका. तिच्या आकड्याप्रमाणे ३३३ ग्रॅम डाळ आणि ६६७ ग्रॅम तांदूळ कोरडेच मोजू दे, मग तांदळाचे डाळीच्या वजनाएवढे वाटे करायला सांगा. तीन व्हायला हवेत, होतात दोन. चूक भिजत घालायच्या आधीच हाताला लागते आणि काही फुकट जात नाही.

घावन मात्र सावकाश शिकवा, कारण माझ्या मते स्वयंपाकघरातलं सगळ्यात चांगलं गणित तिथे आहे. एक डाव पीठ झाकणाने मोजा. समजा ६० मिली भरलं आणि २० सेंटिमीटर व्यासाचं घावन झालं. आता मोठ्या तव्यावर २८ सेंटिमीटरचं, तेवढ्याच जाडीचं घालायचंय. किती पीठ? २८ म्हणजे २० च्या १.४ पट, म्हणून ८४ मिली, असं ती म्हणेल. घालू दे. पीठ तेवढ्या जागेत पुरताना पातळ पसरतं आणि उलटताना फाटतं. मग क्षेत्रफळ काढायला बसवा: लहान घावन ३१४ चौरस सेंटिमीटर, मोठं ६१६. व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ १.४ × १.४, जवळजवळ दुप्पट. म्हणून पीठ ११८ मिलीच्या आसपास लागतं. ६० ला ३१४ ने भागलं की जाडीही मिळते: ०.१९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. दोन गोष्टी सांभाळा. बिडाचा तवा खोलगट असतो, तेव्हा पट्टी तव्याला न लावता झालेल्या घावनाला लावा. आणि दर डावाला पीठ तळापासून ढवळा. तांदळाचं पीठ खाली बसतं, मग शेवटची घावनं दाट येतात आणि आकडे जुळत नाहीत.

शेकडेवारीला सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्या. समजा ४०० रुपये किलोने एक किलो आणली आणि सोलून ५५० ग्रॅम राहिली. ४५ टक्के गेली. सोललेली किलोला कितीला पडली? ४०० वर ४५ टक्के चढवून ५८० लिहिलं तर चूक, कारण ते ४५ टक्के सालासकटच्या वजनाचे आहेत. ४०० भागिले ०.५५, म्हणजे ७२७ रुपये. शंभर कशाचे धरले, हे तिला प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायला लावा.

चतुर्थीच्या दिवशी मोदकांच्या उकडीवर हे करू नका; घाईत कोणीतरी तिच्या हातातून वाटी घेतंच. साधा रविवार बघा. आणि सगळंच पटीत वाढत नाही, हेही तिलाच सापडू दे: मोदकपात्रात एका वेळी पाच मोदक ठेवून वाफवायला लागलेली मिनिटं लिहा, मग दहा ठेवून. मिनिटं दुप्पट होत नाहीत.