संगणकाकडून हरलेला मॅरियन टिन्सली ड्राफ्ट्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कसा?

कारण तो सामना टिन्सलीनेच जिंकला होता! तुमच्या प्रश्नातली गफलत आधी दूर करतो. १९९२ साली लंडनमध्ये चिनूक या संगणक-प्रोग्रामविरुद्ध तो ३९ डाव खेळला. ४ जिंकले, २ हरला, बाकीचे ३३ बरोबरीत. त्या दोन हारी तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या. राहणारच म्हणा, १९५० पासून मरेपर्यंत गडी हरला ते मोजून ७ डाव आणि त्यांतले हे दोन.

ड्राफ्ट्स, म्हणजे अमेरिकेतला चेकर्स, मला पूर्वी पोरखेळ वाटायचा. प्रत्येकी १२ सोंगट्या, तिरकं सरकायचं, मारता येत असेल तर मारायचंच. पण या सक्तीमुळेच एखादी चूक वीस-पंचवीस चालींनंतर गळ्याशी येते. टिन्सलीला ती आधीच दिसायची. १९९० च्या एका मैत्रीपूर्ण डावात चिनूकने दहावी चाल केली आणि हा लगेच म्हणाला, पस्तावाल. चिनूकचे कर्ते जोनाथन शेफर यांच्या पडद्यावर तेव्हा सगळं आलबेल होतं. पुढे २६ चालींनी संगणकाने हार मानली.

पेशाने तो फ्लोरिडात गणिताचा प्राध्यापक. १९५५ ला विश्वविजेता झाला आणि १९५८ ला खेळच सोडला, कारण तुल्यबळ कोणी उरलं नव्हतं. परतल्यावर १९७५ पासून १९९१ पर्यंत पुन्हा तोच. चिनूकशी विजेतेपदासाठी खेळायला संघटनांनी नकार दिला, तर याने विजेतेपदच सोडून दिलं. माझ्या मते त्याची खरी ओळख इथे पटते. हरण्याची भीती असलेला माणूस असं करत नाही.

१९९४ ला बॉस्टनमध्ये पुन्हा गाठ पडली. सहा डावांनंतर प्रकृतीमुळे त्याला माघार घ्यावी लागली. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. एप्रिल १९९५ मध्ये तो गेला. म्हणजे चिनूकला माणूस विरुद्ध यंत्र हा किताब मिळाला, पण टिन्सलीला सामन्यात हरवून नव्हे. शेफर मात्र थांबले नाहीत. २००७ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो.

बॉस्टनचे ते सहाही डाव बरोबरीत सुटले होते.